मशीन पास, सुधाकर नॉर्मल

माझा धाकटा भाऊ सुधाकर 'नॉर्मल' होता. आणि गेला.

आज वर्ष झालं. राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहिते.

वसमतला आमचं दोघा भावंडांचं दुकान. कॉलेजांचे, कारखान्यांचे मीटर आणि ऑसिलोस्कोप रिपेअर करतो. ऑसिलोस्कोप म्हणजे विजेची लाट स्क्रीनवर दाखवणारं मशीन.

गेल्या वर्षी हिंगोलीच्या एका कॉलेजचा असाच स्कोप आला. लाट वेडीवाकडी दाखवायचा.

सुधाकरनं बटण दाबून धरत मशीन चालू केलं, सेल्फ टेस्ट लावली. म्हणजे मशीन स्वतःच स्वतःला तपासतं.

स्क्रीनवर आलं : पास.

"पास हाय की रे," मी म्हटलं.

"अक्का, ते आतल्या आत सिग्नल बनवून आतल्या आतच तपासतंय. बाहेरून वायर लावतो तिथंच बिघाड असंल तर त्याला काय कळतंय?"

बराबर निघालं. वायर लावायच्या पुढच्या सॉकेटचा सोल्डरचा टाका सुटला होता.

त्याच दुपारी तो ईसीजी काढून आला. जिना चढला की छातीत दाबल्यासारखं व्हायचं त्याला.

"नॉर्मल!" दारातूनच ओरडला.

"पडून काढलेला ना? तुला दुखतंय चढताना. डॉक्टर काय म्हणले?"

"नांदेडला जा म्हणले. तिथं फिरत्या पट्ट्यावर चालवून ईसीजी काढतेत. जाऊ की, आधी हे मशीन दिऊन टाकू."

"आत्ता चल."

"काहून जीव खाऊन राहिलीस, अक्का? नॉर्मल आलंय न्हाई का!"

मशीनच्या 'पास'वर कधी भरवसा न ठेवणारा माणूस स्वतःच्या 'नॉर्मल'वर ठेवून बसला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर वर करता करता खाली बसला.

मी पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्यानंतर तो टाका मीच मारला. लाट नीट आली. कॉलेजवाले खूश होऊन घेऊन गेले. मला मात्र त्या चालणाऱ्या मशीनचाच राग आला. अजून येतो.

अजून फोन येतात, "सुधाकरभाऊला द्या."

आधी सगळं सांगत बसायचे. आता नुसतं "बोला" म्हणते.

दर दसऱ्याला तू सोनं द्यायचास आणि पाया पडायचास, सुधाकर. धाकट्यानंच पडायचं असतं.

आज सकाळी तुझ्या फोटोला हार घातला आणि मी हात जोडले.

मोठ्या बहिणीवर ही वेळ आणायची नव्हती रे.

अक्काची श्रद्धांजली घे.