खाटा बदलल्या त्या दिवशी

“नावं लक्षात राहिली की झोप लागत नाही, म्हणून मी खाटांचे नंबरच लक्षात ठेवते,” असं ती एकदा मला म्हणाली होती. साथीच्या वॉर्डात ती शिकाऊ डॉक्टर होती आणि मी सिस्टर. अंगकाठीमुळे सगळे तिला चिमणी म्हणत. रोज दुपारी नातेवाइकांना फोन करून पेशंटची तब्येत सांगणं हे तिचं काम.

त्या दिवशी तिनं अकरा नंबरच्या पेशंटच्या मुलीला फोनवर सांगितलं, “बाबांचा ऑक्सिजन काढलाय. उद्या-परवा घरी नेता येईल.”

तिनं फोन ठेवल्यावर मी फाइल पाहिली. सकाळीच खाटा बदलल्या होत्या. अकरावर आता दुसरेच पेशंट होते; त्या मुलीचे बाबा तीन नंबरवर होते, व्हेंटिलेटर लावलेले.

चिमणी पांढरीफटक पडली. तिनं पुन्हापुन्हा फोन लावला, पण तिकडून कुणी उचलेना.

“चिमणे, मी शिकत असताना रिपोर्टांची अदलाबदल करून एका आजोबांना गरोदर ठरवलं होतं,” वॉर्डचे मोठे डॉक्टर, आमचे सर, म्हणाले. कुणीच हसलं नाही. “बरं, मी सांगतो तिला. तू दोन घास खाऊन घे.”

तेवढ्यात फाटकावरच्या वॉचमनचा फोन आला. “सिस्टर, एक मुलगी आलीय. बाबांना घरी जाताना घालायला इस्त्रीचे कपडे आणलेत म्हणते. खूप खूश आहे बिचारी. काय सांगू?”

सर खुर्चीतून उठले. पण चिमणीनं त्यांच्या आधी हातमोजे काढले, साबणानं हात धुतले आणि ती फाटकाकडे निघाली.