आजीचं दही आणि माझी सही

माझी आजी दोनदा वारली. पहिल्यांदा वारली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, त्यामुळे माझ्यावर संशय घ्यायला जागा नाही. दुसऱ्यांदा मात्र ती माझ्यामुळे गेली, आणि तेव्हा मी सूक्ष्मजीवशास्त्राचा प्राध्यापक होतो!

आई लग्न होऊन आर्वीहून छत्तीसगढातल्या चरोद्याला आली, ती चिनीमातीच्या एका चिटुकल्या बरणीत विरजण घेऊन. वडील रेल्वेत गार्ड होते, मालगाडीबरोबर दोन-दोन दिवस बाहेर. क्वार्टरमध्ये आई एकटी. शेजारी कोणी तेलुगू, कोणी बंगाली, कोणी छत्तीसगढी, आणि हिला येत होती फक्त आर्वीची मराठी. वर्षाच्या आत तिची आई गेली. आई पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. हाती राहिलं ते त्या बरणीतलं दही. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी कोमट दुधात त्यातलं चमचाभर घालते आणि घालताना "जम माय, जम" म्हणते. तिची आईही तसंच म्हणायची. (जिवाणूंना कान नसतात, हे मी एकदा तिला शास्त्रीय पद्धतीनं समजावून सांगितलं. "कान तं तुलेबी आहेत," आई म्हणाली, "तू कुठी आयकते?")

त्या उन्हाळ्यात आई आठ दिवसांसाठी मावशीकडे वर्ध्याला निघाली. निघताना तिनं बरणी माझ्या हातात दिली.

"बापू, तू तं याच्यातलाच शिकलेला माणूस. माह्या मायले तुह्यावर सोडून जाऊन राहिली मी. ध्यान ठेवजो."

"आई, तू निश्चिंत जा," मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात जेव्हा जेव्हा उच्चारलं आहे, तेव्हा तेव्हा कोणाला तरी परत बोलवावं लागलं आहे.

सहा दिवस दही नीट लागलं. मग माझ्यातला संशोधक जागा झाला. मनात आलं, सूक्ष्मदर्शकाखाली या जिवाणूंचा फोटो काढावा, मोठा करावा, चौकटीत बसवून आईला द्यावा. तिच्याकडे तिच्या आईचा एकही फोटो नव्हता. निदान आईच्या दह्याचा तरी असावा! मी बरणीच उचलली.

"अख्खी बरणी कावून नेता? चमचाभर न्या नं," बायको म्हणाली.

"नमुना प्रातिनिधिक असावा लागतो," मी म्हणालो. असल्या शब्दांपुढे ती बोलत नाही. मला वाटायचं, आदरानं.

कॉलेजात मी बरणी प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवली, तोच बायकोचा फोन आला. "अहो, मिनूच्या मैत्रिणी जेवाले थांबून राहिल्या. गाडग्यातलं सगळं दही कढीले घेऊ का? विरजण आहे नं तुमच्यापाशी?"

"घे गं! विरजण जगातल्या सर्वांत सुरक्षित जागी आहे."

एवढं बोलून मी तासाला गेलो. विषय होता निर्जंतुकीकरण. फार रंगला तास.

परत आलो तर टेबल रिकामं. आमचा परिचर संतराम, निवृत्तीला आलेला, अतिशय सज्जन माणूस, शांतपणे फरशी पुसत होता.

"संतराम, यहाँ एक बरनी थी?"

"हव सर. दही रिहिस. कीटाणु वाला."

"फिर?"

"मार देंव सर."

त्यानं भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे सूचना होती: या टेबलावर जिवाणू असलेली कोणतीही वस्तू दिसल्यास ताबडतोब निर्जंतुक करावी. एका विद्यार्थ्याचा बुरसटलेला डबा सापडल्यावर मीच ती संतापून लावली होती. दोन वर्षांत तिच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. "आप ही के दस्तखत हैं सर," संतराम अभिमानानं म्हणाला.

ऑटोक्लेव्ह म्हणजे आमच्याकडचा थोरला प्रेशर कुकर. बरणी त्यातून चकचकीत होऊन निघाली होती. तळाशी पिवळट गोळा आणि वर पाणी. यातून एकही जीव वाचत नाही, हे मी नुकतंच साठ मुलांना छातीठोकपणे सांगून आलो होतो.

घरी धावलो. गाडगं घासून पालथं घातलेलं. पातेल्यात वाटीभर कढी उरली होती, चांगली उकळलेली. मी तीही वाकून वाकून पाहिली. मग ओट्याशी उभा राहून पन्नाशीचा मी ढसाढसा रडलो. आईला काय सांगणार होतो? तुझी आई इतकी वर्षं टिकली, तुझ्या मुलाच्या पीएचडीपुढे टिकली नाही?

"पापा, पैकेट का ले आते हैं ना," माझी मुलगी मिनू म्हणाली. "दही तो दही होता है. आजी को पता भी नहीं चलेगा."

"तुह्या आजीले?" बायको म्हणाली. मग ती माझ्याकडे वळली. "रडता कावून? आईनं किती जणींले विरजण देलं, आठवा नं. कोणाकडं तं जित्तं असन."

आई परवा सकाळी येणार होती. मी स्कूटर काढली. आमच्या जुन्या क्वार्टरशेजारी आता नवी माणसं होती. त्यांनी मला आदरानं बसवलं आणि पाकिटातलं दही खाऊ घातलं. तिथून गाठलं रुआबांधा. रेल्वे कॉलनीतल्या जुन्या शेजारीण मेश्रामकाकू आता तिथे मुलाकडे राहतात.

"माह्यं तं कवाच गेलं, बापू," त्या म्हणाल्या. "सुनेले दही चालत नाही. पण मी बिसाहिनले देलं होतं. आमच्याकडं दूध आणे, ती. कुरुदले राह्यते. जाय लवकर!"

कुरुदला नव्या इमारतींच्या मधोमध बिसाहिन काकीच्या दोन म्हशी अजून बांधलेल्या होत्या.

"काकी, थोड़ा जामन मिलेगा?"

तिनं मला निरखलं आणि ओळखलं. "तैं गार्ड बाबू के लइका हस ना?" आणि आत जाऊन दही आणलं. माझ्या बरणीत चमचाभर घालताना ती पुटपुटली, "जम माय, जम."

"काकी, ये क्या बोला?"

"का जानँव बेटा. तोर दाई सिखाय रिहिस. बोले बर परथे, नइ त जमय नहीं."

म्हणजे माझ्या आईनंच शिकवलेलं, म्हटल्याशिवाय दही जमत नाही म्हणून! मी गोठ्यातच खाली बसलो. माझी मुलगी आजीशी हिंदीत भांडते, मी वर्गात इंग्रजी झाडतो, आणि आर्वीच्या त्या बाईचं वाक्य कुरुदच्या गोठ्यात जसंच्या तसं जिवंत होतं. अर्थ माहीत नसताना! जिवाणू काय, भाषा काय, दोन्ही कुलपात मरतात आणि दुसऱ्याच्या घरी जाऊन जगतात. हा विचार मला फार आवडला. तेवढ्यात म्हशीनं शेपटी मारली.

त्या संध्याकाळी मी विरजण लावलं. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून "जम माय, जम" म्हणालो. जमलं.

आई आली, जेवायला बसली. पहिला घास घेतला आणि थांबली.

"हे आपलं नोहे."

मी घाईघाईनं तिच्या ताटात भाजी वाढली.

"हे बिसाहिनचं आहे. तिच्याकडं धुराचा वास लागते याले. काय झालं?"

मी सगळं सांगितलं. बरणी, फोटो, कढी, सूचना, सही, सगळं. आईनं ते दही भातात कालवलं.

"तुह्या जन्माच्या वक्ताले मी दवाखान्यात होती," ती म्हणाली. "तुह्या बाबानं उकळत्या दुधात विरजण टाकलं. मेलं सारं. तवा मेश्रामीणबाईकडून आणलं. मंग एकदा मांजरीनं गाडगं पाडलं, तवा बिसाहिनकडून."

"म्हणजे तू इतक्या जणींना वाटत होतीस ते..."

"मंग? घरात कसे माणसं आहेत हे मले मालूम नव्हतं का?"

आणि ती हसली. मीही हसलो. पुरतं हसू मात्र मला आलं नाही, कारण जिवाणूंचा वाण दुसऱ्या प्रयोगशाळेत ठेवून द्यावा हा धडा मी दरवर्षी शिकवतो.

हिवाळ्यात आई पुन्हा वर्ध्याला निघाली. मी बरणीसाठी हात पुढे केला. तिनं संतरामचं घर कुठे आहे ते विचारलं.

"आई, त्यानंच तर मारलं!"

"त्याले लिहून देलं तेवढं त्यानं केलं. तू तं स्वतःचं लिहलेलंबी वाचत नाही."

दुसऱ्या संध्याकाळी मी सहज म्हणून संतरामकडे डोकावलो. बरणी फळीवर होती. संतरामनं माझ्यापुढे एक कागद धरला. त्याच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: सर इस बरनी को हाथ न लगाएँ. भिंतीवर लावण्याआधी खाली सही हवी होती. सहीशिवाय सूचना लागू होत नाही म्हणे.

मी खिशातून पेन काढलं आणि सही केली.