सुलभाचं ‘हो’

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही — नवऱ्याजवळही नाही. तुला सांगून टाकते. जमेल तसं.

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी आम्ही सातआठ जण जुने ग्रीक संवाद मराठीतून वाचतो. एकेकाने एकेक पात्र घ्यायचं, मोठ्याने वाचायचं, मग सगळ्यांनी अर्थ लावायचा. खिडकीतून डोंगर दिसतात, पंखा कुरकुरत असतो, जेवण अंगावर आलेलं असतं — अशा वेळी अथेन्स फार लांब वाटत नाही. मला तर वाटायचं, त्या संवादांतला तो सगळ्यांना प्रश्न विचारणारा म्हातारा आता दाराशी चपला काढेल आणि मागच्या खुर्चीवर येऊन बसेल.

त्याचे प्रश्न मीच वाचायची. मंडळ मी सुरू केलेलं ना. आणि सुलभा — माझी कॉलेजपासूनची मैत्रीण — समोरच्याची उत्तरं. ती उत्तरं म्हणजे तरी काय? पानोपानी ‘हो, तसंच आहे’. सुलभाला पुस्तक कशाला लागतं, म्हणून सगळे तिला चिडवायचे. तीही हसायची.

एका रविवारी ती मध्येच थांबली.

“हा पटलं म्हणून हो म्हणत नाहीये गं,” ती म्हणाली. “दमलाय तो. दर वेळी मीच वाचते ना त्याचं, मला कळतं. लिहिणाऱ्याला तेच दाखवायचंय.”

पेंगणारा हॉल जागा झाला. सगळे तिच्याकडे वळले — आणि मला ते सहन झालं नाही. मत्सर, दुसरं काय? इतकी वर्षं अर्थ लावणारी मी, मला हे का सुचलं नाही?

“मूळ ग्रीकमध्ये असा अर्थ निघत नाही,” मी शांतपणे म्हणाले.

मला ग्रीक येत नाही. अक्षरं ओळखते, तीही सगळी नाहीत. पण तिथे ताडून बघणारं कोण होतं? सुलभाने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य वाचलं. कोणतं, ते सांगायला हवं का?

एवढ्यावर थांबलं असतं तर — पण नाही. काही वर्षांनी घाटकोपरच्या एका वाचनालयात मला व्याख्यानाला बोलावलं, आणि तिथे मी तिचाच अर्थ माझा म्हणून मांडला. दमलेल्या माणसाचा होकार. खूप टाळ्या पडल्या. सुलभा दुसऱ्या रांगेत होती. मीच आग्रह करून आणलं होतं तिला. ती काही बोलणार नाही, याची खात्री होती म्हणून.

नंतर चहा घेताना एका बाईंनी तिला विचारलं, तुमच्या मैत्रिणीने किती वेगळा विचार मांडला, नाही का? मी कप धरून शेजारीच उभी होते. सुलभाने माझ्याकडे पाहिलं नाही.

“हो,” ती म्हणाली. “तसंच आहे.”

अजूनही रविवारी मी प्रश्न वाचते, ती उत्तरं वाचते. दुपार तशीच पेंगुळलेली असते. तिच्या प्रत्येक ‘हो’मध्ये ती किती दमली आहे ते मला ऐकू येतं — आणि मी पुढचा प्रश्न वाचते.