शेजारच्या सीटवरची पिशवी

"कुणासाठी धरलीय सीट, मावशी? नाव तरी सांगा की," एक माणूस विचारत होता, तेव्हा मी एसटीच्या दारातच होते.

दर सोमवारी लातूरहून नांदेडला जाताना या मावशी भेटतात. बाकीचे लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. "रुमाल काय, कुणीबी उचलून फेकतंय," असं मावशींचं म्हणणं. त्यांच्याकडे ट्रेकिंगच्या बॅगेला असते तशी छोटी कडी आहे. तिची फिरकी आवळली की ती उघडत नाही. एरवी तिच्यात घराच्या किल्ल्या असतात. एसटीत मात्र मावशी शेजारच्या सीटवर पिशवी ठेवून ती कडीने पुढच्या सीटच्या दांड्याला अडकवतात. मी आले की फिरकी सोडवतात आणि म्हणतात, "बस, माय." नांदेडला खोलीवर गेल्यावर आठवडाभर मला असं कुणी म्हणत नाही.

आज त्या माणसाने पिशवी ओढून पाहिली. कडी सुटेना.

"येऊन राहिली ती," मावशी म्हणाल्या.

"ती कोण?"

माझं नाव मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

"कुणी न्हाई येत, मावशी. उगं अडवून बसल्या!" तो म्हणाला. मागून कुणीतरी हसलं. मावशी खाली मान घालून फिरकी सोडवू लागल्या.

चारचौघांत मी कधी मोठ्याने बोलत नाही.

"मावशी, सोडू नका," मी दारातून मोठ्याने म्हणाले, "मी आलेय."