मी घडाघडा वाचलेला कागद

माझा स्वभाव संशयी. मासळीवाल्याने सुरमई ताजी म्हटली तरी मी कल्ला उघडून बघते. घरात यावरून माझी पुष्कळ थट्टा होते.

बहारीनमध्ये, तुबलीतल्या गॅरेजच्या ऑफिसात आम्ही दोघीच मराठी. मी रायगडची मुसलमान, क्लार्क. ती पुण्याची, अकाउंट्स बघणारी. एका दुपारी स्पेअर पार्टच्या खोलीत फोरमनने तिला मागून धरलं, छातीवर हात टाकला. ती तडक माझ्या टेबलापाशी आली आणि तिने सगळं सांगितलं. आणि खोटं कशाला सांगू, मी आधी तिच्याकडेच संशयाने पाहिलं. ही एकटी आत गेलीच कशाला? त्या विचाराची मला आजही लाज वाटते.

तिने मॅनेजरकडे तोंडी तक्रार केली आणि दुसऱ्या दिवशी त्याने आम्हां दोघींना केबिनमध्ये बोलावलं. कधी ‘बसा’ न म्हणणारा माणूस, त्याने चहा मागवला. पाणी कुठेतरी मुरतंय, हे मला तेव्हाच वाटलं. त्याने अरबी कागद पुढे केला.

"तुम्हारा कंप्लेंट ही लिखा है. साइन करो, खलास. उसको वॉर्निंग देगा."

तिने कागद माझ्याकडे सरकवला. "तुला अरबी येतं ना? वाच ना गं."

आमच्याकडे लहानपणी मदरशात सगळ्याच मुली अरबी वाचायला शिकतात. अक्षर येतं, उच्चार येतो. अर्थ कुणी शिकवलाच नव्हता. तिला हे ठाऊक नव्हतं आणि मॅनेजरसमोर ते कबूल करायला माझी जीभ रेटेना. मी कागद घडाघडा वाचला. ओळखीचा शब्द आला की मान डोलावली. तिने सही केली.

मॅनेजर हसला. ते हसू काही मला जेवू देईना. निघताना, मॅनेजरचं लक्ष फोनकडे असताना, मी कागदाचा फोटो काढला होता. संध्याकाळी तो, बुसैतीनला आम्ही राहतो तिथल्या बहारिनी घरमालकिणीला दाखवला. तिने चष्मा लावला.

"लिखा है, कुछ नहीं हुआ, गलतफहमी थी. मैं अपना हक छोड़ती हूँ." मग तिने समजावलं, कपड्यांवरून हात लावला तरी इथे गुन्हाच; पण अशी सही झाली की केस लुळी पडते.

सकाळी ऑफिसात मी माझ्या त्या पुण्याच्या मैत्रिणीला सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "म्हणजे तुला कळतच नव्हतं?" एवढंच ती म्हणाली.

हाफ डे टाकून आम्ही पोलीस स्टेशनला गेलो. तिथल्या पोलीस बाईंना हिंदी येत होतं. जखम झाली का, हे त्यांनी विचारलं नाही. हात कुठे लागला आणि तुझी मर्जी होती का, हे विचारलं. मग कागदाचा फोटो पाहून त्या थांबल्या.

"साइन तुम्हारा है. किसी ने पढ़के सुनाया था?"

मैत्रीण खाली बघत राहिली. ती माझं नाव घेणार नाही, हे मला कळलं.

"मैंने सुनाया," मी म्हटलं.

बाईंनी फोटो माझ्यापुढे धरला. "पढ़ो."

मी वाचलं. अगदी स्वच्छ.

"मतलब?"

"मफी मालूम," ठाऊक नाही, असं मी इथल्या मोडक्या बोलीत म्हटलं. माझे कान तापले होते. मदरशातल्या बाई समोर असत्या तर मी जमिनीत गेले असते.

पोलीस बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझा जबाब लिहिला, अर्थ न कळता वाचला आणि अर्थ न कळता सही झाली, असा. तो मला ओळ न् ओळ हिंदीत सांगितल्यावरच मी सही केली. मग त्यांनी कोरा कागद घेतला आणि मैत्रिणीकडे वळल्या.

"अब तुम बोलो. शुरू से."