नऊ नंबरचा जोड

अण्णा माणसाच्या तोंडाकडे आधी बघायचेच नाहीत. बघायचे पायाकडे. मान थोडी तिरकी करून, आपण बाजारात वांगी निवडताना बघतो तसं, आणि मग एकच शब्द: "सहा." किंवा "आठ." एवढं झालं की मान वर करून, "या, बसा की." तुमचं नाव, गाव, तुम्ही कोणाचे कोण, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं तरी लक्षात ठेवलं नाही. भालकीचे एक बडे वकील त्यांच्या लेखी शेवटपर्यंत "सात, डावा जरा पसरट" एवढेच होते.

अण्णा हे त्यांचं नाव नव्हे. आमच्या बिदर जिल्ह्यात दर तिसरा माणूस अण्णा असतो. तेव्हा यावरून तुम्हाला त्यांचा पत्ता लागायचा नाही. मलाही लागलेला नाही.

मी तेव्हा कमलनगरच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. राज्याचं नाव अजून म्हैसूरच होतं. दवाखान्याच्या मागे एका आडत्याचं पत्र्याचं गोदाम होतं. हंगामात तुरीनं भरायचं, एरवी रिकामं असायचं. एका उन्हाळ्यात त्यातून ढग गडगडल्यासारखा आवाज येऊ लागला. बाहेर आभाळ कोरडं ठणठणीत. आमच्या डॉक्टरांनी एका म्हाताऱ्याच्या छातीला नळी लावली आणि दचकून काढून घेतली. मी तशीच उठले आणि भांडायला गेले.

दारात एक सडपातळ माणूस स्टुलावर बसला होता. त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं.

"पाच," तो म्हणाला. "पाय धुऊन घ्या, सिस्टरबाई."

"मी पाय धुवायला आले नाही. हा आवाज कसला चाललाय?"

"त्ये पाय धुतल्याबिगर कळणार न्हाई."

मी भांडणाच्या तयारीनं गेले होते, पण दाराशी रांजण, त्यावर तांब्या, बाजूला स्वच्छ पंचा, आणि तो माणूस वाट बघत बसलेला. यात भांडायला जागाच सापडेना. थोड्या वेळानं मी कुठल्याशा मडमेचे बूट घालून, हातात कलिंगडाएवढा लाकडी गोळा धरून उभी होते. पुढे चकचकीत फळ्यांची लांब वाट, तिच्या टोकाला दहा लाकडी बाटल्या, आणि बाटल्यांच्या मागे उंच ओट्यावर एक म्हातारी अंबाडीची भाजी निवडत बसलेली.

"अहो, त्या आजींना लागेल की."

"ती माझी सासू हाय," अण्णा म्हणाले. "सोडा तुमी."

मी सोडला. गोळा मध्येच वळून कडेच्या खाचेत गेला. म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं, भाजीकडे पाहिलं, आणि भाजी जास्त महत्त्वाची ठरवली.

गोष्ट अशी होती. अण्णा बरीच वर्षं सिकंदराबादच्या छावणीत, साहेबलोकांच्या एका क्लबात, पडलेल्या बाटल्या उभ्या करायच्या कामावर होते. साहेब गेले. मागून आलेल्यांना पत्त्यांची गोडी जास्त. क्लबानं ते सगळं भंगारात काढलं आणि अण्णांनी ते मालगाडीनं गावाकडे आणलं. लोक शहरातून ट्रंका आणतात, यांनी जमीन आणली. फळ्या, गोळे, बाटल्या आणि साहेब-मडमांचे बूट, प्रत्येक नंबरचा एकच जोड. बायको केव्हाच वारली होती. सासू तेवढी राहिली होती. तिला अजिबात ऐकू येत नव्हतं, त्यामुळे त्या गडगडाटात दिवसभर बसायला तिच्याइतकं लायक माणूस जिल्ह्यात नव्हतं. बाटल्या नीट उभ्या राहिल्या की ती पदराचं टोक वर करायची. तो इशारा झाल्याशिवाय कोणी गोळा सोडायचा नाही. मामलेदारांनीही नाही.

गोदाम आडत्यानं असंच वापरायला दिलं होतं. कारण एवढंच की असा खेळ शेजारच्या मोठ्या उदगीरलाही नव्हता. "माझं मन हाय तवर," असं मात्र तो चारचौघांत ऐकवायचा. त्याचं मन फिरलं तर अण्णांना बहिरी सासू आणि एवढ्या लांब फळ्या घेऊन जायला दुसरी जागा नव्हती. हे सगळ्या गावाला माहीत होतं.

गावात त्या जागेला गडगड म्हणत. "कुठं जायलाव?" "गडगडीला." भालकीकडच्या मेहकरहून माणसं जीप भरून येत. एवढ्या लांबून बाटल्या पाडायला कशाला यायचं, हे मला बरेच दिवस समजत नव्हतं. बाटल्या काय, घरीही पडतात. नंतर माझ्या लक्षात आलं. तिथे सगळं जागच्या जागी असायचं. बूट रोज सकाळी पत्र्यावर उन्हात पडलेले दिसत. खेळून झालं की आत निंबाच्या पाल्याची पूड, मग ज्याच्या त्याच्या खिळ्यावर. पाण्याचा माठ भरलेला. बायकांना बसायला वेगळा बाक, आणि तो खरोखर बायकांनाच. खेळायचा नंबर आधी आलेल्याचा, मग तो कोणी असो. कमलनगरच्या आसपास त्या काळात या शेवटच्या गोष्टीसाठी माणसं चालतही आली असती.

फळ्यांना रोज करडीचं तेल लागायचं. ते दिवस असे होते, की घराघरांत तेल पळीनं नाही, बोटानं घालत.

"भाजीला तेल न्हाई आन् ह्यो फळ्यांना पाजायलाय," शेजारची एक बाई भिंतीवरून ऐकवायची.

"फळी कोरडी पडली की गोळा अडतोय, अक्का."

"आन् माणूस कोरडा पडला की?"

"त्येला बी लावताव की. दाखवा कुठं अडायलंय," अण्णा अगदी मनापासून म्हणायचे. ती बाई पुढे बायकांच्या बाकावर कायमची दिसू लागली.

माझे मामा ठाणाकुशनूरला शेती करत. छप्पन्न सालानंतर आमच्या घरांनी बौद्ध धम्म घेतला, त्यात मामा पुढे होते. तरुणपणी गावातल्या मोठ्या घरांवरून जाताना त्यांनी चपला हातात धरलेल्या. पाय मोठे, चपलाही मोठ्या, लपवायला अवघड. बाजाराच्या दिवशी ते बी-बियाणं घेऊन झालं की गडगडीला यायचे. अण्णा म्हणायचे, "नऊ." मामा पाय धुवायचे, बाकावर बसायचे आणि कॅनव्हासच्या त्या बुटांच्या नाड्या इतक्या सावकाश बांधायचे की मागचे कुरकुरत.

"मामा, खेळायला आलाव का नाड्या बांधायला?" मी एकदा विचारलं.

"खेळ हाय की पुढं. त्यो कुठं पळायलाय, माय?"

आता आडत्याकडे येते. त्याला या खेळाचं वेड लागलं होतं, पण गोदामात येऊन सगळ्यांच्या रांगेत बसणं त्याला जमेना. तो घरच्या अंगणात पितळी लोटे मांडायचा आणि नारळ गडगडवायचा. घरातल्या बायका दुसऱ्या दिवशी पोचे आलेले लोटे घेऊन तांबटाकडे. शेवटी एका बाजाराच्या दिवशी तो चार माणसं मागे घेऊन गोदामात आला.

अण्णांनी त्याच्या पायांकडे पाहिलं. "नऊ," ते म्हणाले आणि त्यांनी नऊच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं.

सगळ्यांच्या माना वळल्या. नऊ नंबरचा जोड मामांच्या पायात होता. मामा गोळा घेऊन उभे.

"काढू का, अण्णा?" मामा म्हणाले.

"डाव संपल्याबिगर बूट काढायचा न्हाई."

"मी माज्या बुटात खेळतो," आडत्या म्हणाला.

"खिळे हायत खाली, सावकार. फळी फाटती."

"मंग अनवाणी."

"तेल हाय. पडताल."

"मंग काय त्येचं घातलेलं मी घालीन व्हय?"

"निंबाची पूड टाकून देताव की," अण्णा म्हणाले.

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नाही. त्यांना खरंच वाटलं, की सावकारांना घामाची अडचण आहे. म्हणूनच गोदामात हसू फुटलं आणि म्हणूनच आडत्याला ते लागलं.

"गोदाम कुणाचं हाय ह्ये?"

"गोदाम तुमचं हाय. डाव त्येंचा हाय."

आडत्या निघून गेला. आता गडगड बंद, असं आम्ही धरून चाललो. पण त्यानं मुनीमाला हैदराबादला धाडलं आणि नऊ नंबरचा कोरा, पांढराशुभ्र जोड मागवला. स्वतः आणून अण्णांच्या हातात दिला. "ह्यो माजा. दुसऱ्या कुणाला द्यायचा न्हाई."

"लई उपकार झाले," अण्णा म्हणाले. "नऊला दुसरा जोड पायजेच हुता. पन सावकार, हितं बूट माणसाचा नसतोय. नंबराचा असतोय."

आडत्या हसला. त्याला ती गंमत वाटली. अण्णांनी आयुष्यात गंमत केलेली नाही, हे त्याला माहीत नव्हतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी जुन्या जोडाचा तळ निघून तो मोच्याकडे गेला होता. मामा सगळ्यांच्या आधी येऊन पाय धूत होते. अण्णा खिळ्यावरून नवा जोड काढू लागले तशी मी पुढे झाले.

"अण्णा, आज नका देऊ. मामांना मी समजावते. एक दिवस खेळले नाहीत तर काही बिघडत नाही."

"तुमच्या दवाखान्यात सुई नंबर बघून घेतेत का माणूस बघून?"

"नंबर बघून."

"मंग."

"मग काय मग? गोदाम गेलं तर या म्हातारीला घेऊन कुठं जाताल?"

त्यांनी माझ्या पायांकडे बराच वेळ पाहिलं. "पाचची नाडी तुटाया आली," ते म्हणाले. "बदलाया पायजे." आणि नवा जोड मामांना दिला.

आडत्या आला तेव्हा मामांचा गोळा नुकताच सुटला होता. त्या दिवशी दहाच्या दहा बाटल्या आडव्या झाल्या. म्हातारीनं भाजी बाजूला ठेवली, हे मी तेवढं एकदाच पाहिलं. आडत्यानं मामांच्या पायातले पांढरे बूट पाहिले, बाटल्या पाहिल्या, आणि शांतपणे म्हणाला, "उद्यापासून गोदामात तूर भरायची हाय."

शिवारात तुरीला तेव्हा फूलसुद्धा नव्हतं.

अण्णांनी दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्या पुसल्या, तेल दिलं, बूट उन्हात ठेवले, काढले, नंबरानं टांगले. पाचच्या जोडाला नवी नाडी ओवली. किल्ली आडत्याच्या पेढीवर दिली आणि सासूचा हात धरून बिदरच्या गाडीकडे निघाले. हातात एक पिशवी.

"अहो, फळ्या तरी न्या," मी म्हटलं.

"नेल्या तर हितं लोकांनी खेळायचं कशावर?"

झहीराबादच्या स्टेशनावर कोणाला ते दिसल्याचं पुढे ऐकलं. त्या माणसाला त्यांनी ओळखलं नाही, पण नंबर बरोबर सांगितला म्हणे.

आडत्यानं गोदामात तूर भरली नाही. आपला माणूस बसवून गडगड चालू केली. आता सगळ्यांना आपापल्या चपलांत मुभा होती. फळ्यांवर चरे पडले. तेल चार दिवसांआड, मग सणावारी. बाटल्या वाकड्या उभ्या राहत आणि इशारा करायला कोणी नसे. मेहकरची जीप एकदा आली. माणसं दारापर्यंत गेली, रिकाम्या रांजणात डोकावली, आणि बाजार करून परत गेली. कोणी तक्रार केली नाही. काय बिघडलंय, ते कोणाला नीट सांगता आलं नसतं. पुढच्या हंगामात तिथे खरोखरच तूर आली.

बऱ्याच दिवसांनी आडत्याच्या बायकोला इंजेक्शन द्यायला मी त्यांच्या घरी गेले. मी सुई उकळत असताना तो दारात येऊन उभा राहिला.

"सिस्टरबाई, तुमचे मामा येतेत का बाजाराला?"

"येतात."

"गोदाम रिकामं केलंय," तो म्हणाला. "फळ्या घासून घेतल्या. दोन्ही जोड हायत. एकट्याला जमना झालंय. बाटल्या उभ्या कराया तिकडं जावं लागतंय, मंग गोळा सोडाया हिकडं."

मी मामांना निरोप दिला. त्यांनी भुईमुगाच्या शेंगा फोडत ऐकून घेतलं.

"अण्णा असते तर काय म्हणले असते?" त्यांनी विचारलं.

"नऊ म्हणले असते."

"व्हय," मामा म्हणाले आणि उठले.

मीही गेले. कारण असल्या प्रसंगी कोणीतरी शहाणं माणूस हजर असावं. गोदामाच्या दाराशी रांजण काठोकाठ भरलेला होता. आत करडीच्या तेलाचा वास. आडत्या स्टुलावरून उठला. त्याच्या पायात नऊ नंबरचा जुना जोड होता, मोच्यानं तळ बसवून दिलेला. त्यानं मामांकडे पाहिलं नाही, खाली पाहिलं.

"नऊ," तो म्हणाला. जरा अडखळला. "या, बसा की."

मामांनी पाय धुतले आणि पांढऱ्या बुटांच्या नाड्या बांधायला घेतल्या. घाई अजिबात नाही. तेवढ्यात आडत्या धोतर सावरत फळ्यांच्या कडेकडेनं टोकाला गेला, एकेक बाटली उभी केली, म्हातारीच्या ओट्यावर चढून बसला आणि उपरण्याचं टोक वर धरलं.

मामांची दुसरी नाडी अजून बांधून व्हायची होती. तो ते टोक तसंच वर धरून बसून राहिला.