धाकट्या जावेची गोष्ट

खिरीत वेलची पडली की मला चाळीस वर्षांपूर्वीची, आमच्या विहारातली पौर्णिमेची दुपार आठवते. तिथे दर पौर्णिमेला खीर शिजत असताना बायका एकेक करून आपल्या आयुष्यातली खरी गोष्ट सांगायच्या. माझी धाकटी जाऊ आठवडाभर भाकरी थापताना आपली गोष्ट पुटपुटत होती: कन्हानच्या खाणीवर कोळसा वाहताना कळा आल्या आणि ती कडुलिंबाखाली एकटीच बाळंत झाली. माझी पाळी आधी आली. मला काही सुचेना, आणि मी तिचीच गोष्ट माझी म्हणून सांगून टाकली. बायका रडल्या. मग तिला उठवलं, तर ती म्हणाली, "माह्याजवळ काही नाही वं सांगाले." घरी परतताना तीच म्हणाली, "बाई, तुमी लय चांगलं सांगतलं. मले नसतं जमलं." पुढे ती कधीच बोलायला उठली नाही. आता ती नाही, आणि तिच्या तोंडून ती गोष्ट कशी झाली असती, हे मला कधीच कळणार नाही.